निर्यातीचा संडास

जगातल्या शंभरावर देशांनी मिळून एक व्यापार करार केला, आणि आमच्या बोरी बुद्रुकला त्याचा डोळ्यांना दिसणारा पहिला फायदा झाला तो म्हणजे द्राक्षबागेच्या बांधावर उभा राहिलेला एक संडास. आत पांढरी फरशी, बाहेर निळं दार, दाराला पितळी कुलूप. गावात तेव्हा पक्के संडास मोजकेच होते. त्यातला हा सगळ्यात देखणा. गावजेवणाला आलेले पाहुणे तो बघायला बागेपर्यंत जात. बघून परत येत. वापरायची सोय नव्हती.

पण त्याआधी करार आमच्याकडे कसा पोचला ते सांगते.

नव्वदच्या दशकात मी जुन्नरला कॉलेजात होते. वडील एसटीत कंडक्टर. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडे. आजोबांनी छप्पन्न सालानंतर धम्म घेतला आणि पोरांना शाळेत घातलं, त्याची फळं मी अर्थशास्त्राच्या वर्गात बसून खात होते. आमचे सर कराराचे फायदे पाच आणि तोटे पाच असे उतरवून द्यायचे. एका मुलीनं सहावा तोटा स्वतःच्या डोक्यानं लिहिला तर तिचा एक गुण कापला. करार समतोल आहे यावर सरांची श्रद्धा होती.

त्याच सुमारास जुन्नरच्या बाजारतळावर कराराच्या विरोधात सभा झाली. वक्ता पुण्याचा, आवाज खणखणीत. तो म्हणाला, आता तुमचं बियाणं तुमचं राहणार नाही, कडुलिंबाच्या काडीनं दात घासायचे तरी परदेशी कंपनीला विचारावं लागेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच आठवड्यात त्याच जागी कराराच्या बाजूनं सभा. हा वक्ताही पुण्याचाच. तो म्हणाला, दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या नाणेघाटातून रोमला माल जात होता, आता पुन्हा जाणार, जगाची दारं उघडली. लोकांनी पुन्हा तेवढ्याच टाळ्या वाजवल्या. माझ्या मागं बोरीचाच एक मेंढपाळ बसला होता. त्याला गावात सगळे मामा म्हणत. त्यानं शेजाऱ्याला विचारलं, "हा कोणचा घाट म्हंत्यात, राव? माळशेज का?"

"घाट न्हाई वो, ग्याट. ग्याट करार."

"मंग त्याचा रस्ता कुठनं निघतो?"

"जिनिव्हावरनं म्हंत्यात."

"लई लांबनं निघतो," मामा म्हणाला, आणि बिडी पेटवायला उठून गेला.

करार आमच्यापर्यंत आला तो दहाएक वर्षांनी. मी एम.ए. झाले होते, कॉलेजात तासावर शिकवण्याचं काम मिळालं आणि सुटलंही होतं. गावातल्या द्राक्षवाल्यांनी गट केला, माल युरोपात पाठवायचं ठरवलं. तिकडचे कागद इंग्रजीत येत. गटातल्या कुणालाच ते झेपेनात, म्हणून मला बोलावलं. माल खोक्यांत भरायच्या पॅकहाऊसच्या कोपऱ्यात टेबल दिलं, वर पंखा दिला आणि 'मॅडम' हे नाव दिलं. आमच्या वस्तीतल्या मुलीला वरच्या आळीच्या माणसांनी मॅडम म्हणणं, हाही कराराचा एक परिणाम म्हणता येईल. सरांच्या यादीत तो नव्हता.

गटाचे अध्यक्ष म्हणजे गावातले मोठे बागायतदार. अंगानं भरलेले, आवाजानं त्याहून भरलेले. त्यांची एक खोड होती. कुठलीही गोष्ट झाली की ती आपल्यामुळं झाली असं ते सांगत. पाट वेळेवर सुटला, "मी फोन केला व्हता." शाळेचा निकाल चांगला लागला, "मास्तरला मीच दम दिला व्हता." एकदा लांबलेला पाऊस आला तेव्हाही ते काहीतरी बोलणार होते, पण बायको समोर होती म्हणून थांबले.

निर्यात सुरू झाल्यावर अध्यक्ष जगाचे झाले. सकाळी पेपर उघडला की आधी चिलीचं हवामान. चिलीचा माल आणि आमचा माल युरोपात एकमेकांना आडवे येतात हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून चिलीत गारपीट व्हावी म्हणून ते ओझरच्या गणपतीला नारळ फोडू लागले. दक्षिण आफ्रिकेत संप झाला की पेढे. आखातात युद्धाचं वारं सुटलं की ते नकाशा उघडून बसत, कारण बोटी लांबून फिरतील. परदेशातल्या कुठल्याशा बैठकीत आपले मंत्री ताठ राहिले आणि बोलणी फिसकटली, तेव्हा सगळं गाव खूश झालं. अध्यक्ष मात्र पॅकहाऊसमध्ये येऊन कपाळाला हात लावून बसले. "दिल्लीला जरा नमतं घ्यायला काय जातंय? ताठ राह्याला ह्यांचं काय जातंय? माझा कंटेनर बोटीत हाय."

त्यांचं एक भाषण ठरलेलं होतं. ते कुठल्याही व्यासपीठावर ते करत, बारशालाही. "युरोपात एका गाईवर सरकार दिवसाला जेवढं खर्च करतं, तेवढी आपल्याकडं बाईमाणसाला दिवसाची मजुरी न्हाई! हा न्याय हाय का?" लोक हळहळत. ती मजुरी ते स्वतःच ठरवतात, हे भाषणाच्या भरात त्यांच्या ध्यानात येत नसे. ध्यानात आणून देणारं कुणी बारशाला येत नसे.

ती मजुरी घेणाऱ्या बाया तळेघर, आहुप्याकडून यायच्या. वर डोंगरात भात निघालं, नाचणी घरात आली, की टोळी करून खाली उतरायच्या. मैलोन्मैल चालून गाडी गाठायची, इकडं बागेच्या कडेला खोपी बांधायच्या आणि तीन-चार महिने राहायचं. घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढायचे, घड औषधात बुडवायचे, पुढं काढणी. टोळीची म्होरकी तळेघरची एक बाई होती. मी तिला मावशी म्हणायचे. पन्नाशीची, काटक, बोलणं सावकाश. ती एखाद्याकडं नुसती बघत राहिली तरी समोरचा आपोआप खुलासे द्यायला लागायचा.

एकदा खोक्यांवर चिकटवायच्या पट्ट्या आल्या होत्या. मावशीनं विचारलं, "ह्यावर काय लिवलंय, बाई?"

"माल कुठं जाणार ते. रॉटरडॅम."

"ड्याम? तिथं बी धरण हाय का?"

"असेल जुनं काहीतरी. आता मोठं बंदर आहे."

मावशीनं पट्टी हातात घेतली. तिचं माहेर डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. त्याच पाण्याचा पाट खाली येऊन आमच्याकडच्या बागा पिकवतो. "मंग तिथं कुणाची गावं बुडाली?" तिनं विचारलं. अध्यक्ष तिथंच उभे होते. त्यांनी घाईनं सांगितलं की तिकडं तसलं काही होत नाही, तिकडं सगळं नियमात असतं.

माल घेणाऱ्या युरोपवाल्यांचे नियम खरंच फार होते. औषध कुठं ठेवायचं, रिकामे डबे कुठं पुरायचे, मजुरांना हातमोजे, जखमेवरच्या औषधांची पेटी. बागेत जनावर नको, हाही एक. मेंढपाळ मामा दरवर्षी काढणीनंतर त्याची मेंढरं अध्यक्षांच्या बागेत बसवायचा. लेंड्यांचं खत बागेला, त्याबदल्यात त्याला धान्य. अध्यक्षांनी त्याला बांधावरच थांबवलं. "मामा, आता न्हाई जमायचं. करार हाय."

"करार तर आपला बी व्हता की," मामा म्हणाला. "तुमच्या बापाच्या येळंपासनं." मग माझ्याकडं वळला. "मॅडम, तुमी शिकलेल्या. माझी लोकर आता कुत्रं इचारीना. यापारी म्हंतो, भाईरच्या देशातनं मऊ लोकर येती, सस्ती. कातरायची मजुरी बी निघंना. आन् ह्यांची द्राक्षं मातुर गोरं लोक मागून नेत्यात. ह्यो एकच करार हाय का दोन येगळं?"

"एकच आहे, मामा."

"मंग माझ्या अंगाचं लिवताना लिवणाऱ्याला झोप लागली आसंल," असं म्हणून त्यानं मेंढरं हाकलली. पुढच्या वर्षी त्यानं निम्मा कळप विकला आणि बाकीची मेंढरं घेऊन नगरकडं निघून गेला. कराराच्या तोट्यांत सरांनी त्याला कोणत्या क्रमांकावर घातला असता, कोण जाणे.

नियमांतलाच एक नियम, मजुरांसाठी संडास आणि हात धुवायची सोय. अध्यक्षांनी हा नियम मनावर घेतला. गवंडी नारायणगावहून आणला, फरशी निवडायला स्वतः गेले. आत आरसा लावला, आरशाखाली साबणदाणी, तिच्यात महागाचा वासाचा साबण. बाहेर पाटी, दोन भाषांत. नारळ फुटला. आणि मग अध्यक्षांनी दाराला पितळी कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

पहिल्याच दिवशी मावशी टोळीतल्या दोघींना घेऊन आली. "किल्ली द्या, अध्यक्ष."

"कशाला?"

मावशी नुसती बघत राहिली. अध्यक्षांना खुलासा देणं भाग पडलं. "आगं, तपासणी हाय. परदेशातनं साह्यब येणार. त्येच्या आदी घाण झाला म्हंजे? तपासणी हू दे, मंग तुमचाच हाय."

"आन् तवर?"

"तवर जिथं जाता तिथं जावा की! एवढं रान पडलंय."

रान पडलेलं नव्हतं. सगळीकडं बागा, बागांना कुंपण, कुंपणाला राखणदार. या बाया अंधार असताना उठून नदीकडं जायच्या आणि दिवसभर पाणी कमी प्यायच्या. माझीही गत वेगळी नव्हती. पॅकहाऊसमध्ये बाईमाणसासाठी काहीच नव्हतं. मी एकदा धीर करून अध्यक्षांकडं किल्ली मागितली, तर ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, तुमी घरी जाऊन या. लांब थोडीच हाय तुमची वस्ती." वस्ती लांब नव्हतीच. लांब होता तो संडास, माझ्या टेबलापासून वीस पावलांवर.

तपासणीचा दिवस ठरला. तीत पास झालं तरच प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं तरच माल युरोपात. अध्यक्षांनी कापडी मंडप घातला, सनई-चौघडा सांगितला होता, तो मी रद्द करायला लावला. त्यांनी नवा सफारी शिवला. साहेब म्हणून जो येणार होता तो गाडीतून उतरला, आणि ती बाई निघाली. हॉलंडची. उंच, उन्हानं लाल झालेली, पायात मोठे बूट. पुण्याहून निघून वाटेत कुठंही न थांबता आलेली.

अध्यक्षांनी हार घातला. मग शहाळं. मग चहा. मग, आमच्याकडचं म्हणून, मसाल्याचं दूध. मग आणखी एक शहाळं, कारण पहिलं गटाच्या वतीनं होतं आणि हे ग्रामपंचायतीच्या वतीनं. बाईनं सगळं नम्रपणे घेतलं. औषधाची खोली बघितली, डब्यांचा खड्डा बघितला. मग माझ्या जवळ येऊन हळूच विचारलं की संडास कुठं आहे. मला वाटलं तिला तो तपासायचाय. तिचा चेहरा बघून कळलं की तपासायचा नाहीये.

मी अध्यक्षांना म्हटलं, "किल्ली द्या."

त्यांनी मोठ्या तोऱ्यात कमरेला हात घातला. हात तिथंच राहिला. नव्या सफारीला पट्टा लावायचा म्हणून त्यांनी सकाळी करगोटा काढून ठेवला होता. किल्ली घरी. "पाचच मिन्टं," ते म्हणाले, आणि पुतण्याला मोटारसायकलवर पिटाळलं. पुतण्या गेला. अध्यक्षांच्या बायको दळण आणायला गेल्या होत्या आणि घराला कुलूप होतं. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आम्ही फक्त रस्त्याकडं बघत उभे होतो, आणि बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर.

तिनं मला विचारलं, "किल्ली यांच्या घरी असते, तर कामगार कुठं जातात?"

मी प्रश्न मराठीत केला. अध्यक्ष म्हणाले, "सांगा त्यांना, ह्या लोकांना सवय न्हाई. आमी लई आग्रह करतो, पर जातच न्हाईत."

मी तोंड उघडायच्या आत मावशी पुढं आली. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण एखादी बाई अशी का उभी आहे हे कळायला इंग्रजी लागत नाही. तिनं बांधावरचा एक दगड उचलला, कुलपावर घातला. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला कोयंडाच निघून आला. गवंडी नारायणगावचा असला तरी स्क्रू स्वस्तातले होते. मावशीनं दार उघडून धरलं आणि बाईला म्हणाली, "जावा, बाय."

बाई आत गेली, आणि लगेच दार किलकिलं करून तिनं नळाला पाणी नाही म्हणून सांगितलं. पाणी कसं असणार? वर टाकी होती, टाकीला पाइप होता, पाइप कशाला जोडायचा हे ठरायचं राहिलं होतं. टोळीतल्या बायांनी खोपीतून बादल्या आणल्या. नियमानुसार बांधलेल्या संडासाला त्या दिवशी पाणी पुरवलं ते ज्यांना तो वापरायची बंदी होती त्यांनी.

बाहेर आल्यावर बाईचा चेहरा बराच निवळला होता. हातात साबण होता, अजून कागदात गुंडाळलेला. तिनं तो अध्यक्षांसमोर धरला आणि शांतपणे विचारलं, "इथल्या स्वच्छतेला जबाबदार कोण?"

मी ते मराठीत सांगितलं. आता इतकी वर्षं ज्यांनी पाऊस सोडून सगळ्याची जबाबदारी घेतली, ते अध्यक्ष इथं चुकतील? त्यांनी छाती पुढं काढली. "मी! सांगा त्यांना, हितलं सगळं मी स्वतः बघतो. साफसफाईपासनं सगळं."

"सगळं सांगू?" मी विचारलं.

"सांगा, सांगा. घाबरता काय?"

मी अक्षर न अक्षर सांगितलं. बाईनं तिच्या कागदावर अध्यक्षांचं पूर्ण नाव विचारून लिहिलं आणि म्हणाली की आज प्रमाणपत्र देता येत नाही, काढणीच्या आधी ती पुन्हा येईल. तेव्हा संडास वापरात असला पाहिजे, आणि जबाबदार व्यक्तीनं सफाई कशी होते ते स्वतः दाखवायला हवं.

गाडी गेली. मंडपाखाली गटाची बैठक बसली. दार उघडं ठेवावं लागणार हे कसंबसं मान्य झालं. मग कुणीतरी म्हणालं, "पर साफ कोण करनार?"

सगळ्यांच्या माना आपोआप वळल्या, गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडं. मी तिथंच बसले होते. अंगावर इस्त्रीची साडी, समोर गटाची फाइल, सतरा वर्षांचं शिक्षण. एकाची नजर वस्तीकडून फिरून माझ्यावर आली आणि चटकन खाली गेली. मला राग आला त्याहून हसू जास्त आलं. जग उघडलं होतं, रोमचा रस्ता मोकळा झाला होता, आणि यांच्या माना अजून जुन्याच बिजागरीवर फिरत होत्या.

संध्याकाळी अध्यक्ष स्वतः आमच्या घरी आले. याआधी ते निवडणुकीखेरीज कधी आले नव्हते. वडील ड्यूटीवरून येऊन खाकी शर्ट खुंटीला लावत होते. अध्यक्षांनी चहा घेतला, पावसाची चौकशी केली, माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं. मग म्हणाले, "भाऊ, तुमच्या वस्तीतलं एखादं माणूस मिळंल का? सकाळचं तेवढं एक काम व्हतं. पैशाचं बघू."

वडिलांनी खुंटीवरचा शर्ट सारखा केला. जन्मभर गाडीत भांडणं मिटवलेला माणूस. आवाज चढवत नसत. "माणसं भरपूर आहेत, अध्यक्ष," ते म्हणाले. "एक तलाठी आहे, दोन मास्तर आहेत, एक वायरमन आहे. कुणाला विचारू?"

अध्यक्षांनी कपातला उरलेला चहा संपवला.

"आणि असं ऐकलं की कागदावर नाव तुमचं आहे. दुसऱ्याच्या तिकिटावर प्रवास चालत नाही. आम्ही उतरवतो."

अध्यक्ष उठून गेले. आई आतून म्हणाली, "अहो, पोरीची नोकरी जाईल." वडील म्हणाले, "इंग्रजी वाचणारं दुसरं कोण आहे त्यांच्याकडं?" आणि जेवायला बसले.

पुढं जे झालं ते बोरीत अजून सांगतात. अध्यक्ष पहाटे, कुणी उठायच्या आत, तोंडाला उपरणं बांधून, खराटा आणि बादली घेऊन बागेत जायला लागले. कुणी बघू नये म्हणून इतक्या लवकर जात, पण नदीकडून परतणाऱ्या बायांची वेळ तीच. दुसऱ्या दिवशी टोळीला कळलं, तिसऱ्या दिवशी गावाला. बांधापलीकडच्या बागेत काही लोकांना पहाटेच पाणी धरायची अचानक गरज पडू लागली. अध्यक्षांच्या बायकोनं त्यांना सांगितलं म्हणे की एवढं जमतंय तर घरचा बी बघा. पाइप मात्र पहिल्याच आठवड्यात जोडला गेला. बादल्या वाहणं किती जड जातं ते अध्यक्षांना स्वतःच्या खांद्यानं सांगितलं होतं.

बाई दुसऱ्यांदा आली. अध्यक्षांनी कोपरापर्यंत बाह्या सरसावून सफाई दाखवली, इतकी सराईत की बाईनं टाळ्या वाजवल्या. साबण झिजलेला होता. प्रमाणपत्र मिळालं. त्या हंगामात कंटेनर गेले, भाव चांगला लागला. अध्यक्षांच्या भाषणात गाईच्या जोडीला संडास आला. "आमी आमच्या महिला मजुरांना आंतरराष्ट्रीय दर्जाची सोय दिली!" ग्रामस्वच्छतेच्या कार्यक्रमात त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. मावशीला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं फोडलेल्या कुलपाबद्दल मात्र अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, की ते त्यांनी स्वतःच्या हातानं तोडलं.

मावशीनं त्यांच्या पाठीमागं वेगळंच काम उरकलं. पुढच्या वर्षी टोळी ठरवायला आसपासच्या गावांचे बागायतदार तळेघरला गेले, तेव्हा तिनं मजुरीच्या आधी विचारलं, "संडास हाय का? उघडा असतो का? पाणी येतं का?" ज्यांचा माल परदेशी जात नव्हता त्यांना हे प्रश्न ऐकून धक्काच बसला. एक जण म्हणाला, "मावशी, माझी द्राक्षं पुण्याच्या मार्केटला जात्यात."

"द्राक्षं कुठं बी जाऊ द्या," मावशी म्हणाली, "बाया तुमच्याकडंच येनार हायेत ना?"

त्या वर्षी टोळीवाचून काहींचं मणी काढायचं, विरळणीचं काम अडलं. कुरकुरत का होईना, चार-सहा बांधांवर पत्र्याचे आडोसे उभे राहिले. अध्यक्ष वैतागून म्हणाले, "आता ह्या बी आटी घालाय लागल्या, युरोपवानी!"

मग एका हंगामात तिकडच्यांनी कुठल्याशा औषधाच्या अंशाची मर्यादा खाली आणली. आमचे कंटेनर तिकडच्या तपासणीत अडकले, आणि शीतगृहातला उरलेला माल जायचा थांबला. अध्यक्ष दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते ताजेतवाने होऊन आले आणि मला म्हणाले, "मॅडम, खोकी तीच ठेवा. हितंच इकू. वरचं इंग्रजी राहू द्या, भाव मिळतो."

"पण औषध जास्त निघालं म्हणूनच थांबलाय ना माल?"

"तिकडच्यासाठी जास्त. हितलं पब्लिक दणकट हाय."

मी त्यांना सांगितलं की हे मला जमणार नाही. ते म्हणाले, जमवायला तुम्हाला कोण सांगतंय, पट्ट्या चिकटवायला एम.ए. लागत नाही. ते खरंच होतं. महिनाअखेर मी काम सोडलं. पुढं घोडेगावच्या बाजूला शाळेत लागले, आणि अध्यक्षांचं जग माझ्यासाठी पेपरातल्या बातमीएवढं उरलं.

मावशी मला दोन-तीन वर्षांनी घोडेगावच्या बाजारात भेटली. एका हातगाडीवर द्राक्षांची खोकी मांडली होती आणि गाडीवाला ओरडत होता, "एक्स्पोर्टचा माल, एक्स्पोर्टचा!" मावशीनं एक घड उचलून उलटापालटा करून बघितला.

"एक्स्पोर्टचा हाय, तर मंग गेला का न्हाई?"

"गोऱ्यांना परवडंना, मावशी."

तिनं घड परत ठेवला आणि मला चहाला ओढून नेलं. मी टोळीची चौकशी केली. ती म्हणाली की आता टोळी एका टोमॅटोवाल्याकडं जाते, माणूस बरा आहे.

"संडास आहे?"

"हाय की. पाणी बी येतं. पर कडी आतनं लागत न्हाई. त्येच्यावर बोलणं चालू हाय."

तेवढ्यात तळेघरची गाडी लागली. मावशीनं बशीतला चहा एका घोटात संपवला, पिशव्या उचलल्या आणि जागा धरायला पळाली.